वायकीकीतली फोडणी

सौदीतल्या खफजी गावातल्या मराठी मंडळींना परवाच्या शुक्रवारपर्यंत वाटायचं, की पद्मजाला राग म्हणून येतच नाही. एकोणीस वर्षं ज्या बाईने कंपनीच्या कॉलनीत कुणाचं डोहाळजेवण, कुणाच्या मुलाचा वाढदिवस, गणपतीतले मोदक, असं जे जे अंगावर येईल ते हसतमुखाने रांधलं, तिच्या मनात काय चाललंय हे बघायला कुणाला सवड होती? सगळे जेवत होते.

पद्मजा मूळची अलिबागची. सीकेपी घरातली, म्हणजे मासळीशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही अशा लोकांतली. लग्न होऊन नाशिकच्या रत्नाकरकडे आली आणि मासे सुटले. कुणी दरडावून सोडायला लावले असं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे चालत नाही हो," आणि तिने मान हलवली. पुढे रत्नाकरला इथल्या तेलाच्या कंपनीत इंजिनिअरची नोकरी लागली आणि नशिबाने तिला आणून टाकलं ते नेमकं समुद्राच्या काठावर. खफजीच्या बंदरावर सकाळी हामूर आणि सुरमईचे ढीग लागतात. बायकांना गाडी चालवायला परवानगी मिळाली तेव्हा तिने लगेच लायसन काढलं. भाजीला जाताना ती मुद्दाम बंदरावरून जायची, गाडी हळू करायची, काच खाली करायची. मग घरी येऊन दोडक्याची भाजी करायची.

रत्नाकर माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. पीत नाही, ओढत नाही, आवाज चढवत नाही. त्याला फक्त जेवण घरचं लागतं. दुपारी साइटवरून घरी येणार, हात धुणार आणि ताटावर बसणार. पोळी तव्यावरून थेट ताटात यायला हवी. गावातल्या केरळी हॉटेलात तेल वाईट असतं, लेबनानी हॉटेलात स्वच्छता नसते, आणि पाकिस्तानी हॉटेलात जायचा तर प्रश्नच नाही. इतकी वर्षं तिने त्याला गरम पोळी वाढली आणि स्वतः मागाहून ओट्याशी उभी राहून गार खाल्ली. अशा माणसाला वाईट म्हणायची सोय नसते, म्हणून राग जास्त येतो.

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा सिएटलला नोकरी करणाऱ्या रेवाने, त्यांच्या मुलीने, परस्पर हवाईची तिकिटं काढली. वायकीकीच्या किनाऱ्यावर हॉटेल, तिघांनी मिळून आठवडाभर राहायचं. पद्मजाने महिनाभर मोबाइलवर तिथल्या खाण्याचे व्हिडिओ बघितले. अळूच्या पानात गुंडाळून वाफवलेले मासे, त्याला लाउलाउ म्हणतात. अळूचे कंद कुटून केलेली जांभळट पोई. कच्च्या ट्युनाचे तुकडे तिळाच्या तेलात घोळवलेले. अळू आणि मासे! तिने एकदाच, पण स्पष्ट सांगितलं, "अहो, तिथे मी स्वयंपाक करणार नाही. तिथलं जे असेल ते खाऊ."

"बघू," रत्नाकर म्हणाला.

निघायच्या आदल्या आठवड्यात तो दमामहून एक चिमुकला राइस कुकर आणि एक इलेक्ट्रिक शेगडी घेऊन आला. अमेरिकेतलं व्होल्टेज वेगळं असतं, म्हणून दुकानदाराला तासभर पिडून नीट चौकशी केलेली. बायको काय म्हणाली याची चौकशी करायला मात्र त्याला वेळ नव्हता. "तिकडे सगळ्यात डुक्कर घालतात. असावं आपलं जवळ, लागलं तर," म्हणाला. मग बॅगेत तांदूळ आले, मूगडाळ आली, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, हिंग, मोहरी, लसूण. आणि मूळच्या रत्नागिरीच्या शौकतभाईंच्या इथल्या दुकानातून आणलेला ताजा कढीपत्ता, मिरच्या आणि लिंबं. पद्मजाने सगळं मुकाट्याने भरलं. रडू यावं इतका राग आला होता, पण प्रवासाला निघताना घरात कटकट नको, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं.

होनोलुलूच्या विमानतळावर हातमोजे घातलेल्या अधिकाऱ्याने बॅग उघडली. कढीपत्ता, मिरच्या, लिंबं काढून बाजूला ठेवली आणि विचारलं, "ही बॅग कुणाची?"

"माय वाइफ्स," रत्नाकर म्हणाला. बॅगेला अडकवलेल्या पट्टीवर त्याचं नाव होतं. अधिकाऱ्याने पद्मजाला पाच मिनिटं सुनावलं, की ताजी पानं आणि फळं आणली तर इथल्या झाडांना रोग लागतात, एवढं कळायला हवं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. रत्नाकर लांब उभा राहून फळ्यावरच्या सूचना वाचत होता.

हॉटेलच्या खोलीत पहिल्या संध्याकाळी खिचडी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी थालीपीठ, दुपारी मेतकूट-भात. रेवा दुपारची बाहेर खाऊन यायची आणि आल्यावर सांगायची, आज काय मस्त फिश होता म्हणून. "तुझ्या बाबांना सांग ना जरा," पद्मजा म्हणाली. रेवा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, इट्स जस्ट फूड. चिल."

जस्ट फूड! जी मुलगी शाळेत असताना रोज डब्यातला पराठा गार झाला म्हणून तोंड वाकडं करायची, ती हे म्हणत होती.

खोलीच्या गॅलरीतून मागची गल्ली दिसायची. तिथे एक पत्र्याचं छप्पर असलेलं छोटं दुकान होतं, आणि जेवायच्या वेळी रांग लागलेली असायची. पद्मजा त्या रांगेकडे बघत डाळ धुवायची. "आज समोर जेवू या का?" तिने दुसऱ्या दिवशी विचारलं. "आज पोट जरा नाजूक वाटतंय," रत्नाकर म्हणाला. तिसऱ्या दिवशी पोट नाजूक नव्हतं, तेव्हा त्याला मऊ वरणभात हवा होता. वर लसणाची खमंग फोडणी.

"अहो, वास सुटेल. धूर होईल. इथे चालत नाही, तिथे दारामागे लिहिलंय."

"गॅलरीचं दार उघड. काही होत नाही." आणि तो पलंगावर आडवा होऊन टीव्ही बघायला लागला. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशा तिथून सूचना सुरू होत्या, हिंग जरा जास्त घाल म्हणून.

तेल तापलं, मोहरी तडतडली, लसूण लाल झाला आणि छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. नुसत्या त्या खोलीतला नाही. मजल्यावरचा, मग जिन्यातला, मग सबंध इमारतीचा. पाच मिनिटांत अख्खं हॉटेल खाली रस्त्यावर. कुणी ओल्या कपड्यांत, कुणी टॉवेल गुंडाळून, एक आजोबा तोंडाला दाढीचा फेस लावून. बंबही आला. पद्मजाच्या हातात फोडणीची पळी तशीच होती.

मॅनेजर चौकशी करत करत त्यांच्यापाशी आला. खोली नंबर विचारला. रत्नाकर पुढे झाला आणि इंग्रजीत म्हणाला, "सॉरी हं. माझ्या बायकोला तिचं घरचंच जेवण लागतं. किती सांगितलं तरी ऐकत नाही. काय करणार, इंडियन वाइफ!" आणि हसला. मॅनेजरही हसला. आजूबाजूचे दोघेतिघे हसले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाची टिंगल.

पद्मजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला इंग्रजी येत होतं, चांगलं येत होतं. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, ही शिकवण इतकी आत मुरलेली, की तोंड उघडलं नाही. तिने पळी रत्नाकरच्या हातात दिली आणि तरातरा गल्ली ओलांडून त्या दुकानात गेली.

दुकानात फुलाफुलांचा ढगळ झगा घातलेली एक जाडजूड म्हातारी होती. सगळे तिला आंटी म्हणत होते. "डुक्कर नको, मासे हवेत," पद्मजाने सांगितलं. म्हातारीने तिला बाकावर बसवलं आणि थाळी आणून पुढ्यात ठेवली. पंचवीस वर्षांत पद्मजा पहिल्यांदाच अशी एकटी, बसून, दुसऱ्याने वाढलेलं जेवत होती. आणि ते जेवण सुखाने गेलं असं म्हणायचीही सोय नाही. पहिले चार घास रागानेच गिळले. पोई तिला मुळीच आवडली नाही. आंबूस, अळणी, खळीसारखी चिकट. तिने बोटांनी चाटूनपुसून संपवली. मग लाउलाउ उघडला. वरचं जाड पान बाजूला केलं, आत अळूची पानं शिजून लोण्यासारखी झालेली, आणि त्यात माशाचा पांढरा, तेलकट तुकडा. पहिला घास घेतला आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला. कशासाठी सोडलं हे? कुणी काय दिलं त्याच्या बदल्यात? सासूबाईंना जाऊनही दहा वर्षं झाली होती. ती बोटं चोखत बसली, आणखी एक लाउलाउ मागवला, तोही खाल्ला. वर नारळाच्या दुधाची वडी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही.

दोन तासांनी ती खोलीवर परतली तेव्हा रत्नाकर येरझाऱ्या घालत होता. "कुठे होतीस? फोन उचलायला काय झालं? इथे पोटात कावळे ओरडताहेत." रेवा म्हणाली, "आई, दॅट वॉज सो एम्बॅरसिंग. मी लॉबीत होते, सगळे बघत होते." शेगडी हॉटेलवाल्यांनी जप्त केली होती. कुकर रत्नाकरने टॉवेलांखाली लपवून वाचवला होता, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! "बाथरूममध्ये लाव. तिथे पंखा आहे, वास बाहेर येणार नाही," तो म्हणाला. पद्मजाने बेसिनशेजारी कुकर लावला आणि कमोडचं झाकण पाडून त्यावर बसून खिचडी शिजायची वाट बघितली. सुट्टी सुरू होती. रौप्यमहोत्सव सुरू होता.

आठवडा संपला. खफजीला परत आली, घर झाडलं, दुपारच्या गरम पोळ्या सुरू झाल्या. आणि परवाच्या शुक्रवारी सगळे विद्याकडे जेवायला जमले.

विद्याचा नवरा रत्नाकरच्याच खात्यात आहे. बैठकीच्या खोलीत पुरुष बसले होते, आत बायका पुऱ्या तळत होत्या. पद्मजा गरम पुऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आली तेव्हा रत्नाकरची गोष्ट रंगात आली होती. "...आणि सबंध हॉटेल रस्त्यावर! बंब, शिट्ट्या! का, तर आमच्या हिला हवाईतसुद्धा वरणभातच हवा. मी म्हणत होतो, अगं समोर जाऊ, तिथलं काहीतरी खाऊ. पण ऐकेल तर शपथ!"

खोली हसून हसून लोळली. विद्या मागून येत म्हणाली, "म्हणून तर! डिसेंबरात आपण सगळे श्रीलंकेला चाललोय ना, किचन डिपार्टमेंट पद्मजाकडे. मोठा कुकर मी घेते."

"अहो," पद्मजा म्हणाली. "फोडणी कुणी मागितली होती ते सांगा."

"अगं, गंमत करतोय."

"गंमत तुमची आणि नाव माझं?" तिचा आवाज इतका चढला, की आतल्या बायका दारात आल्या. "तीन दिवस मी म्हणत होते, समोर जेवू. लसणाची फोडणी यांना हवी होती. कुकर यांनी आणला, शेगडी यांनी आणली. आणि मॅनेजरला सांगितलं, बायको ऐकत नाही. मी ऐकत नाही! पंचवीस वर्षं दुसरं केलं काय मी? संडासात बसून खिचडी शिजवली मी यांच्यासाठी. श्रीलंकेला सगळ्यांनी जा. मीही येईन. पण तिथे मी चहाचं आधणसुद्धा ठेवणार नाही. आणि त्या दिवशी दोन तास कुठे होते, ते ऐका. समोरच्या दुकानात बसून जेवले. मासे खाल्ले. दोनदा मागून घेतले."

खोटं उघडं पडलं, संडास निघाला, मित्रांसमोर शोभा झाली, इतकं होऊनही रत्नाकरच्या तोंडावरचं ओशाळं हसू तसंच होतं. आता ते मावळलं.

"मासे खाल्लेस?" तो म्हणाला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का, मी जेवले का म्हणून?"

रत्नाकर खरंच आठवायला लागला. त्याने भुवया आक्रसल्या, हाताची बोटं चोळली. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"त्या दिवशी खिचडी अळणी होती," तो शेवटी म्हणाला. "तेवढं आठवतंय."

विद्याच्या नवऱ्याने मान खाली घातली. पद्मजाने पुऱ्यांचं ताट टेबलावर ठेवलं, स्वतःसाठी ताट घेतलं, श्रीखंड आणि बटाट्याची भाजी वाढून घेतली आणि पुरुषांच्या खोलीतल्या रिकाम्या खुर्चीवर बसून जेवायला लागली. पुऱ्या टम्म फुगलेल्या होत्या. त्या संपल्या तेव्हा सवयीने सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती उठली नाही.