आईच्या बोटातलं हंसाचं कडं

लढाईचे दिवस होते, आणि आमच्या नागपुरात तेव्हा कुणाचा कुणावर भरवसा नव्हता. शहराबाहेरच्या तळ्यात बाबा शिंगाडे लावायचे. तळं सरकारचं, दरवर्षी अर्ज करून मिळायचं. ते गेलं तर चूल बंद, हे मला आठव्या वर्षीही ठाऊक होतं.

एका सकाळी शिंगाड्याच्या वेलीत हंस अडकला. हिवाळ्यात थवेच्या थवे यायचे बघा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, त्यातलाच. बाबांनी सोडवायला धरला, तर पायात कडं! हलकं, पांढरं, वर इंग्रजी अक्षरं न आकडे.

"सरकारी पक्षी हाये," काका म्हणाले. "नाही तं दुश्मनाचा. पोलिसाले दिसलं तं तळं गेलंच समज, दादा."

"मंग मी काय करू गा? मी बोलावलं होतं काय त्याले?"

आईने अडकित्ता आणला, कड्याची फट उचकटून ते काढलं आणि हंस सोडून दिला. कडं लपवायचं कुठं? तिनं ते वाकवून पायाच्या बोटात घातलं, जोडव्याच्या मागे. परक्या बाईच्या पायाकडे कोण पाहतं, सांगा?

आठवड्याने शाळेचे एक मास्तर आले. पायात कडं असलेला पक्षी कुणाला सापडला का, विचारत होते.

"नाही जी," बाबा म्हणाले. दारामागे आईने पाय लुगड्यात ओढला. मी तिकडे पाहिलं, तर मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी.

मास्तर काही हलेनात. "हे हंस पहाडापलीकडे, दुसऱ्या मुलखात अंडी घालतात. तिथले लोक त्यांना कडी घालतात, इकडे सापडला तर आपण आकडा कळवायचा. दोन्हीकडून कळलं, तर त्यांना कुठं जपायचं ते ठरवता येतं. दर वर्षी कमी होत चाललेत हो."

"इथं लढाई चालू हाये, न त्याईले पक्ष्याची चिंता?" बाबांना पटेना. खरं सांगू, मलाही तेव्हा मास्तर पोलिसांचेच वाटले होते.

तेवढ्यात दारामागून आई बोलली, "काहून जी मास्तर, जित्ता होता का मेला, हेबी लिवा लागते काय?"

झालं! बाबांनी कपाळावर हात मारला.

मास्तर हसले नाहीत. "जिवंत असेल तर कडं काढायचंच नसतं, बाई. आकडा लिहून घ्यायचा न सोडायचा. आता तो कुठंही गेला, तरी ओळखू यायचा नाही."

आईने वाकून बोटातलं कडं काढलं, उंबऱ्यावर ठेवलं. "लिवा, जित्ता होता. पण तळ्याचं नाव नका लिवू जी."

"नुसतं नागपूर लिहितो."

पोलीस आले नाहीत, तळं आमच्याकडेच राहिलं. तरी पोस्टमन दिसला की सरकारी कागद आला समजून बाबा मागच्या दाराने तळ्याकडे निघायचे.

पुढच्या हिवाळ्यात हंसांच्या शिकारीला बांधावर बंदूकवाले आले. आई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "एकबी मारू नका."

"तुझे हायेत काय वं?"

"एक हाये," ती म्हणाली. "कोणता, ते आता मलेबी समजत नाही."