खिरणीच्या खुंटावर

बांधलेल्या कलमाला कुणी बोट लावलं की ताई त्याच्या हातावर चापट मारायची, मग तो तालुक्याचा शेती अधिकारी का असेना. चिंचणीत खिरणीच्या रोपाच्या खुंटावर चिकूचं कलम बांधावं तर माझ्या या थोरल्या बहिणीनंच. "बांधलं ना? आता त्याला त्याचं काम करू द्या," म्हणायची.

मला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा मी बोईसरच्या कारखान्यात फोरमन होतो. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, केमोनं आजार दबलाय, पण जगायचं तर भावंडाच्या मूळ पेशी हव्यात. ताईच्या जुळल्या. मी देवाला हात जोडतोय, तर ही म्हणते, "पंधरा दिस थांब. कलमं बांधायची हायत."

माझं डोकंच फिरलं. "इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला झाडं सुचतायत? घाबरलीस तर सरळ सांग!" ती तडक कलमं बांधायला निघून गेली. तेवढं थांबता येईल असं डॉक्टर म्हणाले म्हणून मी थांबलो, पण मनात अढी राहिलीच.

सोळाव्या दिवशी ती सून सुषमाला घेऊन हजर. पेशी वाढवायच्या इंजेक्शनांनी हाडं ठणकली तरी हूं की चूं नाही. मग तिला खुर्चीत बसवून एका हातातलं रक्त मशीनमध्ये घेतलं, त्यातल्या पेशी काढून दुसऱ्या हातातून परत दिलं. चार तासांनी नर्स म्हणाली, "झालं, मावशी." ताई उठेचना. "आनि मणका कदी फोडनार?"

मी तेव्हा जंतू लागू नयेत म्हणून काचेच्या खोलीत होतो. हे सुषमानं फोनवर सांगितलं आणि सांगता सांगता रडायला लागली. "मामा, मणक्याला हात लावनार नाय असं डॉक्टरांनी समजावलेलं, पण आईंना वाटलं, उगाच धीर देतायत. परत वाकता येनार नाय असं धरूनच आलेल्या. म्हणून पंधरा दिवस बसून मला कलम बांधायला शिकवलं."

फोन हातात धरून मी ढसाढसा रडलो. अशा बहिणीला मी काय काय बोललो होतो!

पेशी चढवल्यावर मी रोज रिपोर्ट मागायचो. ताई फोनवर ओरडली, "बांधलेलं कलम रोज सोडून बघतोस काय रे बाल्या? हात काढ!" तिसऱ्या आठवड्यात पेशी रुजल्या. माझ्या हाडांत ताईचं रक्त तयार व्हायला लागलं.

गेल्या वर्षी ताई झोपेतच गेली. सगळी कलमं आता सुषमा बांधते. परवा बोईसरच्या लॅबमधली मुलगी गोंधळली. "काका, जुन्या कार्डावर बी पॉझिटिव्ह आहे, आणि तुमचं रक्त तर ओ येतंय."

"बरोबर आहे, पोरी. ते माझ्या ताईचं आहे."