बांबूच्या पलीकडचे साहेब

“साहेबाले आता बाहेर नाई येता येत,” चिन्ना गायता म्हणाला.

“काऊन?” मी त्याच्याच बोलीत विचारलं.

“गाव बांधलं नं काल. आतला आत, बाहेरचा बाहेर.”

वाटेवर दोन खुंट रोवलेले, त्यांवर हिरवा बांबू आडवा आणि त्याला कडुनिंबाचे टहाळे. पलीकडे चिन्ना. अलीकडे मी, अहेरीचा रेंजर, म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याचा सरकारी राखणदार. चिन्नाच्या मागे मोहाच्या सावलीत, बाजेवर बनियनमध्ये बसून लार्सन साहेब आंबील पीत होते.

लार्सन नॉर्वेचे. आपल्या बांबूपासून कागद किती आणि कसा होईल हे सांगायला सरकारने त्यांना बोलावलं होतं. बांबू झाडासारखा एकेकटा वाढत नाही, झुबक्याने वाढतो. त्या झुबक्याला आम्ही बेट म्हणतो. ही बेटं मोजायला लार्सन या गावात मुक्कामाला राहिले आणि मी मजुरांची व्यवस्था करायला अहेरीला परतलो. तेवढ्यात साथ आली.

सत्तावन्न साल होतं. इन्फ्लुएन्झा जगभर फिरत होता. मद्रासकडून आला, असं लोक म्हणत. अहेरीला पेपर उशिरा येई. साथ पेपरच्या आधी पोहोचली आणि आठवडी बाजारात निम्मी दुकानं बंद दिसली.

तापाची बातमी लागली की ही गावं स्वतःला बांधून घेत. गायता, म्हणजे गावच्या मातीची पूजा करणारा माणूस, वाटेवर बांबू टाकतो. तो उचलेपर्यंत कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. पाटलाचं ऐकलं नाही तरी एखादवेळी चालतं, गायत्याचं ऐकावंच लागतं.

“मी कैदी आहे का?” लार्सननी लांबूनच इंग्रजीत विचारलं. मी ते चिन्नाला सांगितलं.

“कैदी कायचा? गावचा मानूस झाला म्हना. उद्यापासून लाकडं फोडाले लागन.”

“आणि मी त्यांना जबरदस्तीने नेलं तर?” मी विचारलं.

चिन्नाने आडव्या बांबूवरचा टहाळा सारखा केला. मग म्हणाला, “मागच्या मोठ्या बिमारीत कोनी बांबू नाई टाकला, साहेब. माह्या मायचे पाच लेकरं होते. एकटा मी रायलो. माय आता म्हातारी हाय. खोकून राह्यली. तिले आता ताप झेपनार नाई.”

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर लार्सन उठून उभे राहिले. “माझ्या लहानपणी आमच्या खोऱ्यातही साथीत असंच झाड आडवं टाकलं होतं,” ते म्हणाले. “तुमच्या साहेबांना सांगा, मी इथेच बरा आहे.”

सांगणं सोपं होतं. आमचे डी.एफ.ओ., म्हणजे विभागाच्या जंगलाचे मोठे साहेब, ऐकून रागाने लाल झाले. “परदेशी पाहुणा माझ्या जंगलात मेला तर? दिल्लीला काय सांगू?” माणूस मेला तर काय करायचं यापेक्षा काय सांगायचं, ही काळजी आमच्या खात्यात नेहमीच मोठी होती.

पुढे मी तीन-चार दिवसांनी बांबूपाशी जात असे. लार्सन अंतर ठेवून बसत आणि आम्ही ओरडून गप्पा मारत असू. ते पहाटे उठत. सगळ्यांबरोबर लाकडं फोडत. दुपारी बायका त्यांना टोपली विणायला शिकवत. त्यांनी विणलेल्या पहिल्या टोपलीतून आंबाही गळून पडेल, असं चिन्नाचं मत होतं. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांची चटणी त्यांनी खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागितली, तेव्हापासून पोरंटोरंही त्यांना गोरा भाऊ म्हणू लागली. पण रात्री झोप येत नाही, म्हणाले. दोन महिन्यांत घरचं एकही पत्र नव्हतं. नॉर्वेत साथ पोहोचली का, हे त्यांनी मला प्रत्येक वेळी विचारलं. मला माहीत नव्हतं.

मग एक दिवस ते म्हणाले, “मीठ संपलंय. रविवारी दोघंजण अहेरीच्या बाजाराला निघणार आहेत. चिन्नाला त्यांना अडवता येईना. अळणी आंबील किती दिवस पिणार?”

गाव बांधलेलं राहणार ते मिठावर, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. अहेरीत तर घरटी माणूस आडवा होता. मी दुकानदाराकडे गेलो. त्याच्याकडे होतं ते सगळं मिळून एक पिशवी भरली. ती चार दिवसांची सोय.

त्याच आठवड्यात मोठे साहेब स्वतः निघाले. दोन जीपगाड्या, तहसीलदार, जिल्ह्याचे डॉक्टर, एक फोटोग्राफर आणि झेंडूचा हार. पाहुण्याला सन्मानाने बाहेर आणायचं ठरलं होतं. वाटेत साहेब सात-आठ वेळा शिंकले. धूळ फार आहे, असं तहसीलदार म्हणाले.

बांबूपाशी तहसीलदारांनी शिपायाला कुऱ्हाड काढायला सांगितली. चिन्ना हलला नाही. त्याच्या मागे अख्खं गाव येऊन उभं राहिलं, आणि गावाच्या पुढे लार्सन.

“डॉक्टर,” त्यांनी विचारलं, “तुमच्या जिल्ह्याच्या गावी, चांद्यात, ताप कितीजणांना आहे?”

डॉक्टर खरं बोलणारे होते. अशांची बढती उशिरा होते. “माझ्या निम्म्या स्टाफला,” ते म्हणाले. “आणि या गावात?”

“कोणालाही नाही.”

काय बोलणं झालं ते चिन्नाने मला विचारलं. मी सांगितल्यावर तो मोठ्या साहेबांकडे बघून म्हणाला, “मंग साहेब, बिमार तुमी, चांगला तो. वाचवाचं कोनाले?”

साहेबांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि ते पुन्हा शिंकले. गाव चार पावलं मागे सरकलं. डॉक्टरांनी शिपायाच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

“सर,” मी हळूच म्हणालो, “मोजणी अजून पुरी व्हायची आहे. पाहुणे कामात आहेत, असं वर कळवता येईल.”

साहेबांना हे आवडलं. काम चालू असलेला माणूस दिल्लीलाही चालतो. “मिस्टर लार्सन, आपल्यासाठी काय करू?” त्यांनी विचारलं.

“मीठ पाठवा. पोतंभर.”

फोटो निघाला नाही. हार चिन्नाने आत घेऊ दिला नाही. तो शेळ्यांनी खाल्ला. पण पोतं दुसऱ्या दिवशी सरकारी जीपमधून आलं. आम्ही ते दगडावर ठेवून लांब झालो. त्यांनी दोन दिवस ते उन्हात तसंच राहू दिलं आणि मग नेलं. बाजाराला निघालेले दोघं घरीच राहिले. मोठे साहेब, तहसीलदार आणि मी मात्र त्या आठवड्यात अहेरीच्या डाक बंगल्यात ओळीने तापात पडलो. डॉक्टर आम्हाला बघायला येत आणि काही बोलत नसत, ही त्यांची सभ्यता.

अहेरीत काही म्हातारी माणसं त्या साथीत गेली. बाजार पुन्हा भरू लागला, तापाने नवं कोणी पडल्याचं ऐकू येईना, तेव्हा चिन्नाने बांबू उचलला. त्या गावात एकही माणूस आजारी पडला नव्हता. लार्सनना न्यायला गेलो तर चिन्नाची माय वाटेच्या कडेला बसली होती. तिने लार्सनचा हात धरून गोंडीत बराच वेळ काहीतरी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला गोंडी तितकी येत नव्हती. पावसाने नाले भरले होते, म्हणून लार्सन डोंग्यातून, म्हणजे कोरलेल्या लाकडी होडीतून गेले.

पुढे कुठल्याही रेंजमध्ये बदली झाली तरी कामावर मजूर बोलावण्याआधी, वाट मोकळी आहे का, हे मी गायत्याला विचारत असे. नसेल तर मीठ पाठवून काम पुढे ढकलत असे. वर मात्र हे कधी कळवलं नाही. नीट चाललेली गोष्ट वर कळवली की तिच्यासाठी कमिटी नेमतात.