सागाचा तुरा

आज रोपवनात एका सागाच्या शेंड्याला पांढरा तुरा दिसला आणि माझे पाय तिथंच थांबले. फुलोऱ्यानं शेंडा दुभंगतो, खोड सरळ जात नाही, म्हणून साहेबांनी फूल न येणारं वाण निवडलं. कलमं मात्र या हातांनी बांधली. शाळा दुसरीपर्यंतच, पण माझं कलम कधी मेलं नाही.

एकदा सरूला, माझ्या बायकोला, ऐटीत ही झाडं दाखवायला आणलं. आम्हाला मूल नव्हतं. ती वर बघत म्हणाली, "अहो, यांना फूल कधी येतं?"

"येतच नाही. म्हणून तर लोक लांबून बघायला येतात."

"बरंय बाई यांचं," ती हसली. "मला बघून बायका वाट बदलतात."

ती गेल्याला किती पावसाळे झाले, पण या रांगांतून चाललो की ते हसू माझ्या मागून चालत येतं.

फुललेलं झाड दाखवायचं, मग ते तोडतात, असा नियम आहे. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "काय बाबा, फूल-बिल दिसलं का कुठं?"

"माझ्या कलमाला? एकसुद्धा नाही," मी म्हणालो.