फोटोच्या कडेचा हात

माझी वहिनी महालक्ष्म्यांच्या साड्या शिवते. भाद्रपदात ज्या घरांत उभ्या महालक्ष्म्या येतात, तिथे लोखंडी स्टँडला नऊवारी नेसवणं हे काय प्रकरण असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. निऱ्या सुटतात, पदर घसरतो, टाचण्या बोटांत जातात, आणि मुखवटे चढवायची वेळ झाली तरी ज्येष्ठेची कंबर कनिष्ठेच्या दुप्पट दिसत असते. वहिनीच्या साड्यांच्या निऱ्या आधीच शिवलेल्या असतात. स्टँडभोवती गुंडाळायची, मागे नाडी बांधायची, झालं. दौलतगंजातल्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे, आणि ग्वाल्हेरच्या कितीतरी मराठी घरांतल्या महालक्ष्म्या त्या खोलीतून नटून गेलेल्या आहेत.

पण आमच्या स्वतःच्या घरी महालक्ष्म्यांचा फोटो काढत नाहीत. हा माझ्या आईचा नियम. ती म्हणायची, चार दिवस माहेरी आलेल्या लेकी आहेत, त्यांना जेवू घाला, त्यांच्याशी बोला, तोंडासमोर कॅमेरा काय धरता. आई गेली, पण वहिनीने तो नियम आईपेक्षा कडक केला. एकदा आरतीनंतर एका पाहुण्यांनी हळूच मोबाइल वर केला, तर वहिनीने पुरणपोळीचं भरलेलं ताट त्यांच्या पुढे केलं. दोन्ही हातांनी धरावं लागेल इतकं भरलेलं. मोबाइल खिशात गेला. बोलायची वेळच आली नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने, म्हणजे वहिनीच्या मुलीने, आईच्या साड्यांसाठी वेबसाइट काढली. ही मुलगी नोकरी करते, हुशार आहे, पण तिची मराठी घरातून निघून फूलबाग चौकापर्यंत पोचेस्तोवर हिंदी होते. ती म्हणाली, नुसती वेबसाइट चालत नाही, ब्लॉग पाहिजे. लोक काहीतरी शोधत येतात, वाचतात, मग साडी मागवतात. लिहायचं काम माझ्यावर आलं. मी शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेली, शिवाय इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका वर्षानुवर्षं काढलेली. मला कोणी विचारलं नाही, नेमलंच.

मी पहिला लेख लिहिला, नऊवारीच्या निऱ्यांवर. चांगला झाला होता, अजूनही म्हणते. भाचीने वाचला आणि म्हणाली, "आत्या, छान आहे, पण बिना फोटो के कोई नहीं पढ़ता."

मला राग आला. आयुष्यभर मी बिनफोटोचं लिहीत आले आणि लोकांनी ते वाचलं. निदान वाचलं असं मला सांगितलं. पण वेबसाइट तिची, त्यामुळे फोटो शोधणं आलं.

घरच्या महालक्ष्म्यांचा फोटो काढायचा नाही, हे ठरलेलंच. वहिनीने यावर एक तोड काढली. मुखवटा चढवेपर्यंत ते नुसतं स्टँड आहे, त्याचा फोटो काढायला काय हरकत आहे? म्हणून स्टँडला साडी घालून, पदर सारखा करून फोटो काढले. साडी सुरेख दिसत होती आणि वर मान नव्हती. दादाने चष्मा चढवून पाहिलं आणि विचारलं, "ही कुणाची धडं उभी केलीत?" त्यानंतर ते फोटो कोणालाच बघवेनात.

मग भाचीने फुकट फोटो देणाऱ्या साइट उघडल्या. तिथे फोटो काढणाऱ्यांनीच वापरायची मोकळीक दिलेली असते, दुकानासाठी वापरला तरी चालतो, फक्त कोणत्या फोटोला काय अट आहे ते वाचायचं. साइट उत्तम, पण आमच्या कामाचं तिथे काही नव्हतं. महालक्ष्मी म्हटलं की कमळावर उभी, हातातून नाणी सांडणारी देवी. साडी म्हटलं की एक गोरी बाई नमस्कार करताना, कपाळावरची टिकली भुवईकडे सरकलेली. सण म्हटलं की रंगाने माखलेली तोंडं. मी एकेका फोटोवर बोलत राहिले आणि भाची मला गप्प बसायला सांगत राहिली.

शेवटी फोटो सापडला तो वहिनीलाच. दुपारी मशीनपाशी बसून मोबाइल चाळताना. कुणाच्या तरी घरच्या महालक्ष्म्या होत्या, वांगी रंगाच्या नऊवारीत, आणि निऱ्या अशा की वहिनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिली. फोटोच्या एका कडेला एक म्हातारा हात होता. हिरव्या बांगड्या, फुगलेल्या शिरा, बोटांत खालची निरी धरलेली.

"हाच लाव," वहिनी म्हणाली. "फक्त तो हात काढून टाक, मध्येच कसातरी दिसतो."

भाचीने कड कापली. खाली मी लिहिलं, "साभार : इंटरनेट."

यातलं साभार माझ्या स्मरणिकेतून आलेलं. तिथे कविता, पाककृती, विनोद, जे कुठून घेतलं त्याखाली साभार लिहायचं, की पदरात पुण्य. स्मरणिका आपसातच वाटली जायची. साभार म्हणजे कोणाचे आभार, हे आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हीही कधी स्वतःला विचारलं नाही. त्याच सवयीने मी त्या अनोळखी घराखाली तो शब्द ठेवला, आणि त्याच्याही खाली भाचीने टाकलं, "अशा तयार साड्या आमच्याकडे मिळतील."

लेख चालला. पहिल्यांदाच ग्वाल्हेरबाहेरून विचारणा येऊ लागली, इंदूरहून, भोपाळहून, आणि सगळ्यांना तीच वांगी रंगाची साडी हवी होती. वहिनीने तसं कापड मागवलं, सराफा बाजारात जाऊन जरीची पट्टी निवडून आणली. इतकी वर्षं ओळखीच्या घरांपुरतं असलेलं तिचं काम आता अनोळखी लोकांच्या घरी जाणार होतं, आणि त्या लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवायला तो एक फोटोच होता. ती फार खुशीत होती. मशीन चालवताना गुणगुणायची, आणि वहिनी गुणगुणते हे मला तोवर माहीत नव्हतं.

आम्ही दोघी जरीची पट्टी कापत बसलो होतो तेव्हा तिच्या मोबाइलवर तो मेसेज आला. तिने वाचला आणि मोबाइल माझ्याकडे दिला.

"नमस्कार. तुमच्या ब्लॉगवरचा महालक्ष्म्यांचा फोटो मी काढलेला आहे, आमच्या जबलपूरच्या घरी. ती साडी तयार मिळणारी नाही. माझ्या आईने ती हाताने नेसवली होती. तुम्ही ज्या बाजूने फोटो कापला आहे, तिथे माझी आई होती. त्यानंतरच्या वर्षी ती नव्हती. कृपया फोटो काढून टाका."

वहिनीने आधी विचारलं, "पोलीस येतील का गं?" आणि मग कात्री खाली ठेवली. मला आधी रागच आला. मेसेज करणारीचा नाही, आपण पकडले गेल्याचा. भाची कामावरून आली तशी मी तिला म्हटलं की आपण साभार लिहिलं होतं, चोरी थोडीच केली.

"आत्या, साभार मतलब थैंक यू. और थैंक यू तो पूछने के बाद बोलते हैं ना. आपण विचारलं कुठे?"

मग तिने नीट सांगितलं. फोटो ज्याने काढला त्याचा हक्क. इंटरनेटवर दिसतो म्हणजे रस्त्यावर पडलाय असं नाही. त्यावर नाव नसलं तरी तो कुणाचा तरी असतोच. आणि तो कापून त्याखाली आपला माल विकणं म्हणजे तर फारच झालं. हे तिला कळत होतं आणि तरी कड तिनेच कापली होती, हे बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं. तिने तिथल्या तिथे फोटो काढून टाकला.

मी म्हटलं, झालं, विषय संपला. तिने काढा म्हटलं, आपण काढला. आता वांगी साड्या शिवून पाठवून द्याव्या, कोण विचारतंय.

"नाही," वहिनी म्हणाली. "मी तिला फोन करते."

मी तिला थोपवायचा प्रयत्न केला. फोनवर ती बाई काय वाटेल ते बोलेल, ही रडेल, ब्लडप्रेशर वाढेल. पण वहिनीने नंबर लावलेला होता आणि फोन स्पीकरवर ठेवला होता, बहुधा आम्ही दोघींनी ऐकावं म्हणूनच. पलीकडून आवाज आला तशी ती म्हणाली, "मी ग्वाल्हेरहून बोलतेय. तुमच्या आईचा हात मी कापायला लावला."

तिने फोन जवळ ओढला.

"माझ्या घरच्या महालक्ष्म्यांचा मी कोणाला फोटो काढू देत नाही," वहिनी म्हणाली. "माहेरी आलेल्या लेकी, असं आमच्याकडे म्हणतात. आणि तुमच्या घरच्या मी न विचारता नेल्या नि दुकानात उभ्या केल्या. मला फार वाईट वाटतंय. माफी मागायला फोन केलाय, दुसरं काही नाही."

इतकी वर्षं मी वहिनीला पाहतेय. ती कोणापुढे वाकणारी बाई नाही.

मग जबलपूरच्या बाई बोलल्या. आवाज वयाने भाचीहून फार मोठा वाटत नव्हता. "आईलाही आवडत नव्हतं," त्या म्हणाल्या. "ती ओरडायची. म्हणून मी चोरून काढला होता, म्हणूनच तिचा फक्त हात आला. तिचे दुसरे फोटो आहेत माझ्याकडे, पण सगळ्यांत ती नुसती उभी आहे. यात ती काम करतेय." मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही फोन केलात, बरं वाटलं."

फोन ठेवल्यावर वहिनी पदराने डोळे पुसत राहिली आणि भाची तिच्या पायाशी जाऊन बसली. मी चहा टाकायला उठले, कारण मला दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या दिवसापासून वहिनीने वांगी साडी मागवलेल्या प्रत्येकीला स्वतः कळवलं, की तो फोटो आमच्या साडीचा नव्हता, ती हाताने नेसवलेली होती, माझ्या निऱ्या तशा पडणार नाहीत, तुम्हाला नको असेल तर निःसंकोच सांगा. बऱ्याच जणींनी नको म्हटलं. एकीने तर चांगलंच सुनावलं. वांगी कापडाचा तागा कपाटावर गेला आणि वहिनीचं गुणगुणणं बंद झालं. मला भाचीवर, त्या ब्लॉगवर आणि सगळ्या इंटरनेटवर चीड येत होती, आणि वहिनी मात्र कुणालाच बोल लावत नव्हती.

ब्लॉग बंद केला नाही. फोटोही मिळाले, घरातच. मशीनवर कापड सरकवणारी वहिनीची बोटं, जरीचं रीळ, इस्त्री केलेल्या निऱ्यांची घडी. आधी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं की हे दाखवण्यासारखं आहे. आणि जुन्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांच्या घरी फोटो काढायला हरकत नसते, त्यांना विचारायचं काम माझ्याकडे आलं. फोटो कोणी काढला, त्या माणसाला चालेल का, कुठे लावणार, कापणार नाही, हे सगळं लिहून विचारायचं आणि लेखी हो आल्याशिवाय हात लावायचा नाही. निम्म्याजणी म्हणतात, अहो विचारता काय, लावा की. तरी मी विचारते. एका आजींनी नाही म्हटलं, आणि वहिनी म्हणाली, बरोबर आहे त्यांचं.

गणपती आठवड्यावर आले असताना जबलपूरहून परत मेसेज आला. सोबत तोच फोटो, अख्खा. "हा तुमच्या ब्लॉगवर लावायला माझी परवानगी आहे. निऱ्या कशा घालायच्या ते लोकांना दिसू दे. पण पूर्ण लावा."

वहिनीने मला समोर बसवून मजकूर सांगितला. "ही साडी आमची नाही आणि विकायची नाही. जबलपूरच्या एका आईने ती हाताने नेसवली. फोटो तिच्या मुलीचा, तिला विचारून लावला आहे." मी त्यात एक शब्द बदलला नाही, हे माझ्यासारखीकडून फार झालं. कपाटावरचा वांगी तागा नंतर कुठे गेला म्हणाल, तर त्यातली एक जोडी जबलपूरला गेली. त्या बाईंनीच मागितली. म्हणाल्या, मला आईसारखं नेसवता येत नाही.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी आम्ही सगळ्या वहिनीकडे होतो. गंमत अशी, की जगाला शिवलेल्या साड्या देणारी ही बाई स्वतःच्या घरी मात्र अजून हातानेच नेसवते. मुखवटे पाटावर झाकून ठेवलेले, आणि ती जमिनीवर बसून ज्येष्ठेच्या निऱ्या लावत होती. दाताखाली टाचणी, एक हात वर, एक खाली. दारात भाची उभी होती, मोबाइल हातात, पण खाली धरलेला.

"आई," ती म्हणाली, "घेऊ का?"

वहिनीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिच्याही हातात ताट येतंय. वहिनीने तोंडातली टाचणी काढली, साडीत खोचली, आणि खालची निरी बोटांत धरून हात तसाच ठेवला.

"हात तेवढा घे," ती म्हणाली. "आणि तो ब्लॉगवर टाकू नकोस. तुझ्याकडे ठेव."