पुढं काय दिसतं, बोल

गाडीत माझी जागा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. हे उरणहून निघण्याआधीच ठरलं होतं आणि ठरवलं होतं खुद्द ड्रायव्हरनं. मला तो माझ्या कलेचा सन्मान वाटला.

ड्रायव्हर म्हणजे शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसलेला दोस्त. वीस वर्षं त्यानं बंदरावर कंटेनरचे ट्रेलर चालवले. मग ट्रेलर विकला, सतरा सीटची एक जुनी मिनीबस घेतली आणि तिच्यात अख्खा संसार बसवला. तीन झोपायच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी, मागे पडदा लावलेली मोरी. समुद्राकाठानं थेट गोव्यापर्यंत जायचं, पंधरा दिवस, मन रमेल तिथे मुक्काम. तिसरी आमच्या वर्गाची मॉनिटर. ती आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, म्हणजे अजून मॉनिटरच आहे. पस्तीस वर्षांनी आम्ही तिघं एकत्र आलो होतो आणि पहिल्या तासातच तिनं मला दोनदा "गप्प बस" म्हटलं होतं.

ड्रायव्हर मात्र म्हणायचा, "बोलू दे गं त्याला. बोल रं. पुढं काय दिसतं, बोल."

आणि मी बोलायचो. समोर येईल त्याचं वर्णन, तेही नाटकातल्या निवेदकाच्या आवाजात. "महाराज, डावीकडून एक शेळी, चालीवरून विधवा वाटते. पुढे वळण, वळणावर दुधाचे कॅन घेऊन गवळी, त्याची बायको माहेरी गेलेली." तो खदखदून हसायचा आणि म्हणायचा, "आणि मग?" इतका चांगला श्रोता मला घरात कधी मिळाला नाही. अलिबागपर्यंत माझा घसा बसला, तरी मी मसाला सुपारी चघळत चालूच ठेवलं.

आता आठवलं की त्या सगळ्या हसण्यात काही गोष्टी वेगळ्या दिसतात. अलिबागला चहा पिताना त्यानं बशीच्या बाहेर चहा ओतला. मॉनिटरनं मोबाइलवर दहावीचा वर्गाचा फोटो दाखवला, तेव्हा त्यानं तो नाकाशी नेऊन एका चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि तिला म्हणाला, "ही तू ना?" तो चेहरा शाळेच्या शिपायाचा होता. मी इतका हसलो की मला ठसका लागला. मॉनिटर हसली नाही. रेवदंड्याच्या पुलावर एक मोटरसायकल आमच्या कडेनं पुढे गेली, तर तो जागच्या जागी दचकला, जणू ती जमिनीतून उगवली होती.

काशीदच्या पुढे, सुरूची झाडं संपल्यावर, एका वळणावर डावीकडे 'टक्' असा आवाज झाला. मी तेव्हा त्याच्याकडे तोंड करून पीटीच्या सरांच्या फाटलेल्या पॅन्टची गोष्ट रंगात आणली होती, हातवाऱ्यांसकट.

"फांदी असंल," तो म्हणाला.

"फांदीच," मी म्हणालो, आणि पॅन्ट पुढे फाडली.

मुरुडमध्ये जेवलो. तिथून आगरदांड्याला जायचं होतं. तिथल्या जेट्टीवर गाड्या वाहून नेणारी फेरीबोट लागते, ती खाडीपलीकडे दिघीला सोडते. रस्ता सरळ, रिकामा, दुपारच्या उन्हात चकचकणारा. वर्णन करायला काहीच नव्हतं. मला कंटाळा आला आणि कंटाळा आला की माझ्यातला जुना खोडकर मुलगा जागा होतो.

"महाराज," मी म्हणालो, "रस्त्याच्या मधोमध बैल. पांढरा. हलत नाही."

त्यानं ब्रेक दाबला तो असा की मागे भांडी कोसळली, पाण्याची टाकी धडकली आणि माझं कपाळ काचेला लागलं. गाडी थांबली. समोर रस्ता रिकामा होता. वाऱ्यानं एक प्लास्टिकची पिशवी हलत होती, तेवढीच.

तो स्टिअरिंगवर वाकून समोर बघत होता. मग हळूच, मॉनिटरला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, त्यानं मला विचारलं, "गेला का?"

मी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं.

"काय झालं रे?" मागून मॉनिटरचा आवाज आला.

"बैल होता," मी म्हणालो. "गेला." आयुष्यात इतक्या कमी शब्दांत मी कधी खोटं बोललो नव्हतो.

गाडी पुन्हा निघाली. मागे ती सांडलेलं पुसत होती. तो खालच्या आवाजात सांगू लागला. काचबिंदू. डॉक्टर म्हणाला होता, आधी कडेचं जातं. नळीतून बघितल्यासारखं होतं. "आता नळीत पण धूर आलाय. पण रस्ता मना पाठ हाय. फक्त रस्त्यावर काय आलंय ते तू सांगतोस ना, तेवढ्यावर भागतं."

"घरी माहीत आहे?"

"पोरांना कळलं तर चावी काढून घेतील. एवढी एकच फेरी रं. गोव्यापर्यंत. मग मीच देतो त्यांच्या हातात."

शाळेतही त्याला फळा दिसायचा नाही. चष्मा नव्हता, सांगायची लाज होती, म्हणून मी फळ्यावरची गणितं त्याला हळूच वाचून दाखवायचो. एकदा गंमत म्हणून एकाचे सात केले. त्याला पट्टी बसली, वर्ग हसला, सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा माझ्याच शेजारी येऊन बसला.

जेट्टीपर्यंत मी पुन्हा सांगत राहिलो. "उजवीकडे रिक्षा. खड्डा. दोन बायका, डावीकडे, लांब." त्यात शेळी विधवा नव्हती, कुणाची बायको माहेरी गेली नव्हती.

जेट्टीवर गाड्यांची रांग होती. मी तिकीट काढायला खाली उतरलो आणि परत येताना गाडीची डावी बाजू पाहिली. माझ्या दारापासून मागच्या चाकापर्यंत हिरवी रेघ गेली होती. नख लावलं तर रंगाचा पापुद्रा निघाला. मागच्या दाराच्या मुठीत एका नायलॉनच्या पिशवीचा तुटलेला बंद अडकला होता.

फांदीला रंग नसतो. फांदी पिशवी घेऊन बाजारातून येत नाही.

मी बंद सोडवला आणि वर चढून जागेवर बसलो. बोट लागली होती, तिचा ओला लोखंडी उतार पाण्यात टेकला होता, दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. पुढच्या गाड्या चढल्या. आमचा नंबर आला. त्यानं इंजिन सुरू केलं.

"बोल."

मी हातातल्या बंदाकडे बघत होतो.

"बोल ना रं. उतार किती लांब?"

मागून हॉर्न वाजू लागले. बोटीवरचा माणूस हात हलवून बोलावत होता आणि तो हात ड्रायव्हरला दिसत नव्हता. मॉनिटर पुढे येऊन आमच्या दोघांच्या मधे उभी राहिली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या बंदाकडे पाहिलं. वर्गात कोणी काही लपवलं असलं की ती असंच पाहायची.

मी तिला सगळं सांगितलं. बैलही.

"आणि काशीदला तो आवाज झाला तेव्हा डाव्या बाजूला कोण बसलं होतं?"

"मी."

त्यानं इंजिन बंद केलं. चावी काढली, क्षणभर मुठीत ठेवली आणि मग हात पुढे केला, अंदाजानं, तिच्या दिशेनं. तिनं ती घेतली.

दिघीला आम्ही गेलोच नाही. जेट्टीवरच्या चहावाल्याचा मेहुणा टेम्पो चालवायचा. त्यानं मिनीबस वळवली आणि आम्ही आलो त्याच वाटेनं मागे निघालो. तो दोस्त मागच्या फळीवर बसला होता, खिडकीकडे पाठ करून. काशीदच्या त्या वळणाजवळच्या गावात मी दुकानासमोर उतरलो. बाकावर पाच-सहा माणसं होती. सगळ्यांनी माना वर केल्या. समोर श्रोते बसलेले आणि मला सुरुवात सुचेना, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मी बंद त्यांच्यापुढे धरला.

"हा म्हाताऱ्याच्या पिशवीचा," दुकानदार म्हणाला. "सायकलवरनं पडला ना सकाळी. मुरुडला नेलाय त्याला."

मुरुडच्या दवाखान्यात म्हातारा कॉटवर टेकून बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, गालाला खरचटलेलं. मॉनिटरनं सांगितलं ते सगळं त्यानं ऐकून घेतलं. ड्रायव्हर पुढे झाला, चाचपत कॉटची कड पकडली आणि म्हणाला, "गाडी मी चालवत व्हतो. मना दिसलं न्हाय."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग तो माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ, ओळख पटवल्यासारखा.

"तुम्ही खिडकीत व्हता," तो म्हणाला. "मी हात केला व्हता तुमाला. तुम्ही हसत व्हता."