लाल लुगड्याचं फडकं

आभाळ आठ दिवस नुसतं भरून होतं. पडायचंही नाही, उघडायचंही नाही. अशा दमट हवेत पीठ चक्कीच्या तोंडाशी गोळा होऊन बसतं, म्हणून राजेश्रीनं सकाळीच वरचा दगड उचलून घेतला आणि छिन्नी-हातोडीनं त्याला टाके मारून तो खरबरीत केला. दगड परत बसवला, पट्टा ताणून पाहिला आणि ओळीतला पहिला डबा उचलला. राणीसावरगावात सकाळची ज्वारी तिच्याच चक्कीवर यायची.

चक्कीच्या कोपऱ्यात गव्हाचा एक जुना डबा होता. त्यात गहू नव्हता, पोराबाळांच्या रहस्यकथा होत्या. बंद पडलेला वाडा, चोरीला गेलेली मूर्ती, आणि शोध घेणारे तीन-चार दोस्त. राजेश्रीची शाळा सातवीतच सुटली, हे वेड काही सुटलं नाही. दळण होईपर्यंत पोरीसोरींनी वाचावं म्हणून ती पुस्तकं बाहेर काढायची. पीठ पानांत शिरू नये म्हणून प्रत्येक पुस्तक तिच्याच जुन्या लाल लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं असायचं.

"लेकरांची पुस्तकं वाचायलीस," शेजारची बायनाबाई रोज टोमणा मारायची. "उद्या दप्तर अडकवून शाळंत जाशील."

"जाईन की. तुमी मधल्या सुट्टीत डबा घेऊन या."

पण हल्ली या गमतीत जीव नव्हता. निकिता आणि महेश्वरी या नववीतल्या दोन पोरी चक्कीवर एकच पुस्तक मिळून वाचायच्या, एक पान हिनं, एक तिनं. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी शेवटचा भाग तेवढा राहिला आणि पुस्तक गायब झालं. राजेश्रीनं सगळा डबा उपसला. शोधता शोधता तिच्या तोंडून निघून गेलं, "शेवटी निकिताच्या हातात बघितलं होतं बाई."

महेश्वरीनं ते मनात धरलं. "एकटीनंच शेवट वाचायचा होता तर सांगायचं की. चोरायचं कामून?"

त्या दिवसापासून निकिता चक्कीवर आली नाही. शाळेत दोघी वेगवेगळ्या बाकावर बसू लागल्या, बाकीच्या पोरीही निकिताकडं संशयानं बघू लागल्या. शेवटी तिनं बापाच्या मागं लकडा लावला, मला परभणीच्या वसतिगृहात ठेवा. सोमवारी बाप, बन्सीधर, तिला घेऊन निघणार होता. ते ऐकल्यापासून राजेश्रीला घास गोड लागत नव्हता. तिच्या एका वाक्यानं पोरगी गाव सोडून निघाली होती.

शुक्रवारी दुपारी ऐन गर्दीत लाईट गेली. बाया डबे तिथंच ठेवून घरी गेल्या. राजेश्रीनं वेळ काढायला डब्यातलं हाताला लागेल ते गाठोडं उचललं आणि गाठ सोडली. मांडीवर वाळलेलं बेलाचं पान पडलं. पाठोपाठ विभूती सांडली.

आत पोथी होती.

राजेश्रीनं ती उलटसुलट करून बघितली. मग तिला तो दिवस आठवला. महेश्वरीची आजी चन्नबसम्मा दळण आणि सासऱ्याची पोथी असं दोन्ही घेऊन आली होती. "राजे, माझ्या पोथीला नवं फडकं दे गं. उद्या श्रावण बसतो." राजेश्रीनं त्याच लाल लुगड्याचं फडकं फाडून पोथी बांधली, वजनकाट्याजवळ ठेवली. तेवढ्यात पट्टा कुरकुरला, ती तिकडं पळाली, आणि परत येऊन घाईत म्हातारीच्या हातात दिलं ते पोरींनी तिथंच बांधून ठेवलेलं पुस्तक! काट्याजवळ राहिलेली पोथी नंतर कुणीतरी पुस्तक समजून डब्यात टाकली असणार.

"आई गं," ती एकटीच बोलली.

चन्नबसम्माला वाचता येत नव्हतं. श्रावणात ती बांधलेली पोथी देवघरात ठेवायची, रोज बेल वाहायची. महिना सरला की मठातल्या स्वामींनी गाठ सोडून वाचायची. तोवर गाठीला घरातल्या कुणी हात लावायचा नाही, हा तिच्या सासऱ्यापासूनचा नेम.

राजेश्री पोथी पदराखाली घेऊन आधी निकिताच्या घरी गेली. पोरगी पेटीत कपडे भरत होती.

"चल माझ्यासंगं."

"कुठं, काकू? मला आता कुणाच्यात यायचं न्हाई."

"पुस्तक सापडलंय. कुणी चोरलं ते तुझ्या डोळ्यानं बघ."

देवघरासमोर महेश्वरी समईची वात सारखी करत होती. निकिताला बघून तिनं तोंड फिरवलं. राजेश्रीनं पोथी पुढं केली आणि घाबरत घाबरत सगळं सांगितलं. चन्नबसम्मानं देवघरातलं गाठोडं उचललं. त्याच्यावर बेलाचा ढीग होता. गाठ तिनं स्वतःच सोडली. आतून रंगीत मुखपृष्ठावरची, बॅटरी घेतलेली चार पोरं हसत बाहेर आली.

"शिवा शिवा! इतके दिस म्या ह्यांला हात जोडायले?"

"अव्वा, चूक माझी हाय," राजेश्री पुढं होऊन म्हणाली. "घाईत माझ्याच हातानं दिलं. काय बोलायचं ते मला बोला."

म्हातारीनं पोथी कपाळाला लावली, देवघरात ठेवली. मग महेश्वरीकडं बघितलं. "आणि तू गं? रोज सांजच्याला दिवा कुणाम्होरं लावायलीस? चोर तर आपल्याच घरात निघाला."

महेश्वरीचा चेहरा पडला. ती निकिताजवळ सरकली. "निके, म्या उगंच..."

"उगंच न्हाई. साऱ्या वर्गाला सांगितलंस."

"उद्या साऱ्या वर्गाला उलटं सांगते. खडू घेऊन फळ्यावर लिहिते पायजे तर."

"तुझं अक्षर कुणाला लागतंय?" निकिता म्हणाली, आणि तिला हसू आलं. हसता हसता डोळे पुसले.

राजेश्री पुस्तक घ्यायला गेली, तर म्हातारी सोडेना. "थांब. ज्याला इतका बेल वाह्यला, त्याच्यात काय हाय ते मला कळाय नको? वाचा गं पोरींनो."

दोघी समईजवळ बसल्या. एक पान हिनं, एक तिनं. मूर्ती सापडली तेव्हा चन्नबसम्मानं मांडीवर थाप मारली. "म्या वळखलंच होतं, त्यो माळीच असणार!"

"आजी, तू तर आत्ताच ऐकायलीस."

"म्हणून काय झालं? तोंडावरून कळतंय की."

निघताना निकिता दारात थांबली. "काकू, ते दुसऱ्या भागाचं पुस्तक हाय का तुमच्याकडं?"

"हाय. पण सोमवारी तू परभणीला..."

"बापूला सांगते, पेटी रिकामी कर म्हणून."

कित्येक दिवसांत पहिल्यांदाच राजेश्रीला भूक लागल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात गल्लीतले पंखे फिरू लागले आणि चक्कीकडून बायनाबाईची हाक आली. "लाईट आली गं! चक्की सोडून कुठं हिंडायलीस?"

"आले, आले!"

राजेश्रीनं पदर खोचला. चक्कीच्या तोंडाची कापडी बाही झटकून आतलं चिकटलेलं पीठ पाडलं, खटका दाबला, आणि बायनाबाईची ज्वारी वरच्या पेटीत ओतली.